हँडल आणि नोझल

जुनं इंजिन दाखवायला नेणाऱ्या माणसाला मी आधी एकच विचारतो, हे बंद कसं पडलं? आणि प्रत्येक जण तेच सांगतो, बंद कुठं पडलं मिस्त्री, चालू होतं, ठेवून दिलं. चालू इंजिन कुणी ठेवून देत नाही, एवढं मला आता कळतं. पण वाद घालायचा कंटाळा येतो. मी पान्ह्यांची पिशवी उचलतो आणि मोटारसायकलवर मागं बसतो.

मच्छिंद्र मला न्यायला अंबडला आला तेव्हा मी दुकानात पंख्याखाली बसलो होतो. दुकान म्हणजे आता पोराचं मोबाइलचं दुकान. माझ्याकडं त्यातला एक कोपरा आणि एक स्टूल उरलंय. राजानंद मिस्त्री कोण, हे विचारणारी माणसंही आता राहिली नाहीत. डिझेल इंजिनं गेली, त्यांच्या मागं तीही गेली. मला त्याचं फार दुःख आहे असंही नाही. त्या इंजिनांनी माझी कंबर खाल्ली आणि एका कानाचं ऐकणं खाल्लं. मे महिन्याची दुपार होती आणि मी सरळ नाही म्हणणार होतो.

"मिस्त्री, डीपी जळाला," मच्छिंद्र म्हणाला. "अख्ख्या शिवाराची लाइट गेली. आज आणू, उद्या आणू चाललंय लाइटवाल्यांचं. मोसंबी वाळून राह्यली."

"जनरेटर आणा ट्रॅक्टरवरचं."

"गावात एकच हाय. माझा नंबर पुढल्या आठवड्यात. तवर झाडं उभी राहत न्हाईत. पानं वळली, फळं गळून राह्यली. हिरीत पाणी हाय मिस्त्री. खाली दिसून राह्यलं, वर काढता येईना."

हे शेवटचं त्यानं असं सांगितलं की मला उठावं लागलं. पाणी नसलेला माणूस नशिबाला शिव्या देऊन मोकळा होतो. पाणी असून ते काढता न येणारा माणूस रात्रभर विहिरीशी बसतो. मच्छिंद्रच्या डोळ्यांवरून तो बसत असावा असं वाटलं.

त्यांचं शेत अंतरवाली सराटीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. विहिरीच्या एका अंगाला मच्छिंद्रची मोसंबी, दुसऱ्या अंगाला त्याच्या धाकट्या भावाची, आदिनाथची. मधे नुसता बांध. झाडं एकाच वर्षी लावलेली, एकाच उंचीची, आणि आता एकाच रीतीनं मरायला लागलेली. पानं विड्यासारखी गुंडाळली होती. खाली हिरवी फळं पडली होती आणि चालताना पायाखाली येत होती. आदिनाथ आता नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला, एवढं मला अंबडमध्ये कळलं होतं. त्याची बाग आता त्याची बायको दैवशाला बघत होती.

इंजिन विहिरीच्या काठाला पत्र्याखाली होतं. मी ते ओळखलं. एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं, हातानं हँडल मारून चालू करायचं. ज्या कारखान्यानं ते बनवलं तो कधीच बंद झालाय. सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. टाकीत डिझेलऐवजी डांबरासारखा गाळ होता. चाकाला हात लावून जोर दिला, ते हललं नाही.

"हँडल कुठंय?" मी विचारलं.

मच्छिंद्रनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मोटारसायकल काढून घरी गेला आणि पोत्यात गुंडाळलेलं हँडल घेऊन आला. हँडलला तेल लावलेलं होतं. गंजाचा एक ठिपका नव्हता.

"हे घरी कशाला?"

"असंच."

त्याची बायको पुष्पाबाई भाकरी घेऊन आली होती. ती फडकं सोडता सोडता म्हणाली, "असंच न्हाई, भाऊ. धाकल्यानं इंजिन चालू करू नाही म्हणून. पलंगाखाली व्हतं इतके साल. झाडताना दर वेळी माझ्या पायाला लागायचं."

मी भाकरी खाल्ली आणि भाकरीबरोबर मला सगळी हकिकत मिळाली. मागितली नव्हती.

वाटण्या झाल्या तेव्हा जमीन मोजून वाटली, पण विहीर आणि इंजिन सामाईक राहिलं. एक दिवस पाण्याची पाळी मच्छिंद्रची, एक दिवस आदिनाथची. बरीच वर्षं नीट चाललं. मग एका उन्हाळ्यात आदिनाथच्या पाळीलाच इंजिन बिघडलं. दिवसभर मिस्त्री काम करत बसला आणि संध्याकाळी चालू झालं. दुसऱ्या दिवशी आदिनाथ म्हणाला, कालची पाळी बुडाली, म्हणून आज मीच घेणार. मच्छिंद्र म्हणाला, बुडाली ती बुडाली, आज वार माझा आहे. बांधावर दोघांचे आवाज चढले, बायका मधे पडल्या, आणि त्या दिवशी पाणी कुणीच घेतलं नाही. रात्री मच्छिंद्रनं हँडल काढून घरी नेलं. मग दोघांनी रागारागात वेगवेगळ्या लाइटच्या मोटारी घेतल्या. बोलणं बंद झालं ते झालंच.

"दिवसभर काम करत बसलेला मिस्त्री तुम्हीच की," पुष्पाबाई म्हणाली.

मला आठवलं. नोझल बदललं होतं. डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये सोडतो तो बोटाएवढा तुकडा. जुनं जळलं होतं, नवं बसवून मी संध्याकाळच्या एसटीनं घरी गेलो. माझ्या मागं हे एवढं रामायण घडलं आणि मला पत्ताही नव्हता. मिस्त्री माणसाला इंजिनापुरतं बोलावतात, पुढचं त्याला कुणी कळवत नाही.

भाकरी झाल्यावर मी नोझल काढलं, ते बाजूला फडक्यावर ठेवलं आणि त्या भोकातून पिस्टनवर डिझेल ओतलं. पूर्वी रॉकेल ओतायचो, आता ते मिळत नाही. गंज रात्रभर भिजू द्यायचा, दुसरा उपाय नाही. माश्यांचं घर धूर करून काढलं, त्यात दोन माश्या मला चावल्या. टाकी खोलून धुतली. वाकून वाकून कंबर अशी धरली की मोटारसायकलवर बसायला मच्छिंद्रनं हात दिला. घरी बायकोनं विचारलं, झालं का? मी म्हणालो, अजून सुरूही नाही झालं. ती म्हणाली, मग उद्या जाऊ नका. मलाही तेच हवं होतं. पण ती पायाखालची हिरवी फळं डोळ्यांपुढून जाईनात.

दुसऱ्या दिवशी चाक सुटलं. मी आणि मच्छिंद्रनं मिळून लाकडाच्या फळीनं त्याला आधी मागं, मग पुढं ढकललं, आणि आतून कुरकुरत पिस्टन हलला. मच्छिंद्रला वाटलं, झालंच. मी त्याला तसं वाटू दिलं. नवं ऑइल टाकलं, फिल्टर बदलला, नोझल परत बसवलं, नळीतली हवा काढली. मग हँडल. मी हवा सोडायचा लिव्हर दाबून धरायचा, मच्छिंद्रनं हँडल फिरवून चाकाला वेग द्यायचा, आणि वेग आला की मी लिव्हर सोडायचा. चाक दोन फेरे घ्यायचं आणि थांबायचं. पुन्हा. थांबायचं. मच्छिंद्रचा सदरा पाठीला चिकटला. साठीच्या माणसानं मे महिन्यात हँडल मारू नये. पण हे त्याला कोण सांगणार, आणि मारायला दुसरं होतं कोण?

"मिस्त्री, खरं सांगा," तो धापा टाकत म्हणाला. "गेलं का हे?"

"तुम्ही खरं सांगा. चालू होतं तेव्हा ठेवलं, का बंद पडलं होतं?"

तो हँडलवर टेकून उभा राहिला. "भांडण झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी गुपचूप येऊन हँडल मारलं व्हतं. तवाही असंच. बिलकुल उचललं न्हाई. मला वाटलं, इंजिनच खराब झालं. कुणाला बोललो न्हाई."

हे त्यानं काल सांगितलं असतं तर माझा एक दिवस वाचला असता. मग नोझल पुन्हा काढलं, नळीला बाहेर उलटं बांधलं आणि त्याला चाक फिरवायला सांगितलं. चांगलं नोझल चर्र आवाज करतं आणि धुक्यासारखं डिझेल सोडतं. हे नुसतं ठिबकत होतं. तेव्हा मी खिशातून चष्मा काढला. आदल्या दिवशी हेच नोझल मीच काढून ठेवलं होतं, पण चष्मा घामानं घसरतो म्हणून खिशात होता.

मी बसवलेल्या प्रत्येक नव्या भागावर पंचानं एक ठिपका मारतो. उद्या कुणी म्हणालं की मिस्त्रीनं जुनाच बसवला, तर दाखवायला बरं. या नोझलवर ठिपका नव्हता. याचं तोंड काळं पडून जळलं होतं. भांडणाच्या आदल्या दिवशी मी काढून आदिनाथच्या हातात दिलेलं तेच हे जुनं नोझल होतं. जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही आमच्या धंद्याची रीत आहे. आदिनाथनं तो जपून ठेवला होता.

"मच्छिंद्रभाऊ," मी म्हणालो, "तुम्ही हँडल नेलं. त्यानं नोझल नेलं. आणि तुम्हाला कळू नये म्हणून जागेवर हे मेलेलं बसवलं."

मच्छिंद्रला समजायला थोडा वेळ लागला. मग तो हसला. गुडघ्यावर हात ठेवून, खाली बघत हसला. "बारीक व्हता आदिनाथ. लहानपणी गोट्या खेळताना माझ्या गोट्या उचलायचा अन् त्या जागी फुटक्या ठेवायचा." मग हसणं थांबलं.

मी जालन्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, या इंजिनाचं आता काही येत नाही, राजकोटला विचारतो, मिळालं तर आठ दिवस. मी मच्छिंद्रला सांगितलं. त्यानं बागेकडं बघितलं. आठ दिवस म्हणजे काय, हे आम्हा दोघांना समजत होतं.

"दैवशालाकडं असंल," मी म्हणालो.

"जा तुम्ही. इचारा."

"तुम्ही चला."

"मी त्या दारात गेलेलो न्हाई, मिस्त्री. आदिनाथ गेला तवाबी न्हाई. तवा कुणालाच जाता येत नव्हतं." थोडं थांबून तो म्हणाला, "नंतर येत व्हतं."

तर मी गेलो. दैवशालाचं घर शेतातच होतं, विहिरीवरून दिसणारं. ती अंगणात वाळलेल्या फांद्या तोडत होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि आत बोलावलं. मी लहान होतो तेव्हा असल्या घरांत आमच्या माणसांना बाहेरच्या ओट्यावर चहा मिळायचा. आता आत बोलावतात. आता गुडघ्यांना उंबरा जड जातो. मी भिंतीला टेकून बसलो आणि समोर तिचा देव्हारा होता.

आमच्या घरात देव्हारा नाही आणि दुसऱ्याच्या देवांकडं मी उगाच बघत नाही. पण समोरच होता. टाक होते, एक छोटी मूर्ती होती, आणि त्यांच्या शेजारी लाल फडक्याच्या घडीवर हळदीकुंकवानं माखलेलं माझं नोझल उभं केलेलं होतं. पुढं एक ताजं फूल होतं.

तिनं चहा दिला आणि मी कुठं बघतोय ते तिला दिसलं.

"त्यांनीच ठुलं व्हतं तिथं," ती म्हणाली. "भांडणाच्या रात्री आणलं, फडक्यात गुंडाळलं अन् देवामागं ठुलं. म्हणले, याला हात लावू नको. दसऱ्याला कोयता, पान्हे पुजायचे, तवा हेबी काढून पुजायचे. तेल लावायचे. ते गेल्यावर मी पुढं आणून ठुलं."

"ताई, ते लागतंय."

"म्हाईत हाय. काल तुम्ही आलात तवाच कळलं."

"मग काल का नाही..." म्हणता म्हणता मी थांबलो. काल मी तरी कुठं विचारलं होतं?

ती खाली बसली. तिचा आवाज साधा होता, रडका नव्हता. "औरंगाबादला नेलं त्यांना. फोन आला, संपलं म्हणून. तिकडंच सगळं करून टाकलं. घरी काही आलं न्हाई, भाऊ. कपडे न्हाईत, चप्पल न्हाई. घड्याळ व्हतं हातात, तेबी न्हाई. त्यांच्या हातची घडी घातलेलं हे एवढंच. हे मी इंजिनात घालायला देऊ?"

मला फार वाईट वाटलं. उठून जावं, असंच वाटलं. पण बाहेर तिचीही झाडं होती, मच्छिंद्रच्या झाडांइतकीच वाळलेली, आणि तिला पोटाला दुसरं काही नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "ताई, झाडंबी त्यांनीच लावली."

चहा थंड झाला.

"त्यांना यायला सांगा," ती शेवटी म्हणाली. "थोरल्यांना. मागायला."

मी उठलो, उंबरा उतरलो, बांध चढलो, विहिरीवर आलो आणि मच्छिंद्रला निरोप दिला. त्याचा चेहरा बदलला. "मी थोरला हाय, मिस्त्री. मी तिच्या दारात जाऊन हात पसरू? तिला म्हणा..."

"मी आता काही म्हणणार नाही," मी म्हणालो. मी पान्हे पिशवीत भरायला लागलो. मला खरोखर राग आला होता. नुसता त्याचा नाही, त्या हँडलचा, त्या उंबऱ्याचा, त्या मेलेल्याचाही. "दोन दिवस झाले मी तुमच्या भावकीचे निरोप वाहून राह्यलो. मी इंजिनाचा मिस्त्री आहे. ज्याला झाडं पाहिजेत त्यानं जावं. नसतील पाहिजे तर मला अंबडला सोडा."

तो माझ्या पिशवीकडं बघत राहिला. मग बागेत गेला, पहिल्याच झाडाखाली वाकला आणि एक गळलेलं फळ उचलून हातात दाबलं. त्यात रस नव्हता. ते तिथंच ठेवून तो बांधाकडं चालू लागला. मी पिशवी तशीच टाकून त्याच्या मागं गेलो.

या घरांची एक रीत आहे. धाकट्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. मधे कुणीतरी लागतं. तो अंगणात उभा राहिला, ती चौकटीच्या आड, डोईवर पदर ओढून. दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं आणि त्या अंतरात मी.

"मिस्त्री, त्यांना सांगा," मच्छिंद्र म्हणाला, "नोझल पाह्यजे व्हतं."

मी काहीच सांगितलं नाही. तिला ऐकू आलंच होतं.

"भाऊ, त्यांना सांगा," ती म्हणाली, "संध्याकाळी इंजिन बंद झालं की ते परत इथं आलं पाह्यजे. रोज."

"ताई, रोज काढलं की रोज हवा काढावी लागंल," मी म्हणालो. "कुणी असं करत नाही."

"काढा."

मी मच्छिंद्रकडं बघितलं. त्यानं मान हलवली. तो पुढं झाला तशी ती पुन्हा म्हणाली, "भाऊ, त्यांना सांगा, आधी हात धुवा."

अंगणातल्या रांजणातून तांब्याभर पाणी घेऊन त्यानं हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. तिनं नोझल फडक्यासकट चौकटीतून पुढं केलं आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून घेतलं. विहिरीपर्यंत तो तसाच ओंजळ धरून चालत आला.

नोझल मी वाटीतल्या डिझेलमध्ये धुतलं. डिझेल लाल झालं. दैवशाला आमच्या मागून येऊन तिच्या बाजूच्या बांधावर थांबली होती. कुंकू सुटताना तिनं बघितलं आणि मान फिरवली. दसऱ्याच्या तेलानं आतली सुई मोकळी होती, नुसती भोकं कुंकवानं बुजली होती. बारीक तारेनं मी ती एकेक करून मोकळी केली. चष्मा घसरत होता आणि तार आत मोडली असती तर सगळंच संपलं असतं. ठिपका जागेवर होता. बाहेर बांधून बघितलं तर चर्र आवाज आला आणि डिझेलचं धुकं उडालं. मच्छिंद्र काहीतरी बोलायला गेला, मी हातानं थांबवलं.

बसवलं. हवा काढली. पंपात बादल्यांनी पाणी भरलं, कारण कोरडा पंप पाणी ओढत नाही. मच्छिंद्रनं हँडल लावलं. चाक फिरलं, वेग आला, मी लिव्हर सोडला आणि इंजिन खोकलं. बंद पडलं. पुन्हा. दुसऱ्यांदा खोकून ते थांबलं नाही. काळ्या धुराचा गोळा पत्र्यावर गेला, जमीन हादरायला लागली, आणि माझ्या एका चांगल्या कानात दुसरं काही शिरेना. पाइप गुरगुरला. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं.

पाइपाला पुढं दोन कॉक आहेत, एक मच्छिंद्रच्या बागेकडं, एक आदिनाथच्या. मी बघत होतो. मच्छिंद्र वाकला आणि त्यानं आदिनाथकडचा कॉक उघडला. आपला बंद ठेवला. पाणी बांधाच्या पलीकडं गेलं. दैवशाला जागची हलली नाही.

मग तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "मिस्त्री, त्यांना सांगा, ती पाळी..." पुढचं इंजिनानं खाल्लं.

"काय?"

"ती पाळी! त्यांना सांगा..."

मला समजलं होतं. तिला या आवाजात काही ऐकू जाणार नाही, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. ऐकू जात नाही म्हणूनच त्याला आता बोलता येत होतं. आणि मी बांध चढून जाऊन ते तिला सांगावं, अशी त्याची अपेक्षा होती. मी दमलो होतो. दोन दिवस मोडून चालू केलेलं इंजिन मी हात घालून बंद केलं.

चाकं हळूहळू थांबली. कॉकातून थोडं पाणी गळत राहिलं, मग तेही थांबलं.

"हे काय केलं?" मच्छिंद्र म्हणाला. "इतक्या मुश्किलीनं चालू झाल्तं."

"पुन्हा करू. आता बोला. तुम्हीच."

तो हातातल्या हँडलकडं बघत उभा राहिला. दैवशाला बांधावर. मला वाटलं, आता हा हँडल टाकून निघून जाईल आणि माझी दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाईल. मग तो बोलला. माझ्याकडं बघून नाही, बांधाकडं बघून.

"ती पाळी आदिनाथचीच व्हती. आदल्या दिवशी इंजिन बंद व्हतं, त्याचा दिवस बुडाल्ता. माझी झाडं भिजलेली व्हती. मला त्या दिवशी पाण्याची गरजबी नव्हती."

मी तिच्याकडं बघितलं. ती आता म्हणेल, भाऊ, त्यांना सांगा. मी तयार होतो. पण तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. डोईवरचा पदर तसाच होता, पण तोंड सरळ मच्छिंद्रकडं होतं.

"हे त्यांना सांगायला पाह्यजे व्हतं, दादा," ती म्हणाली.

मच्छिंद्रनं हँडल इंजिनाला लावलं आणि मी लिव्हर दाबला. गरम इंजिन एका दमात उचलतं, हे उचललं. दिवस मावळेपर्यंत पाणी एकाच बाजूला गेलं. मच्छिंद्रनं स्वतःचा कॉक त्या दिवशी उघडला नाही आणि मीही त्याला सांगितलं नाही.

अंधार पडायच्या आत इंजिन बंद केलं. नोझल कसं काढायचं ते मी त्याला शिकवलं, कारण रोज यायची माझी तयारी नव्हती. त्यानं ते काढलं, पुसलं, लाल फडक्यात ठेवलं आणि घडी घालायला लागला. घडी जमेना. दोनदा सोडून त्यानं ती पुन्हा घातली. मग पंपाच्या पाण्यात हात धुतले आणि ओंजळ धरून बांध ओलांडून तिच्या घराकडं गेला. मला अंबडला सोडायचं होतं, हे तो विसरला. मी पिशवीवर बसून त्याची वाट बघत राहिलो.